योग्य व्यक्ती

अल्पवयीन आरोपीचं नाव कायद्यानं छापता येत नाही. त्याची ओळख पटेल असं काही लिहिताही येत नाही. म्हणून इथे कुणाचंच नाव नाही, आमच्या जमातीचंही नाही. इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, त्यांतली एक, एवढं सांगितलं तरी पुरे. स्वातंत्र्यानंतर तार काढली. माझे आजोबा आतले, वडीलही जन्मानं आतलेच, मी बाहेरचा. जन्माची जागा मात्र तिघांची एकच.

मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नोकरी करतो. कुठल्या टाकीत किती पातळी होती, कुठल्या भागाला कधी आणि किती वेळ पाणी सोडलं, याचे तक्ते तयार करणं हे माझं काम. नोकरी स्थिरावल्यावर वस्ती सोडली आणि विजापूर रस्त्याच्या बाजूला एका सोसायटीत फ्लॅट घेतला. घरात मी, बायको आणि बारावीतली मुलगी. आमचं आडनाव चार जातींत सापडतं. शेजाऱ्यांनी त्यांतली त्यांना सोयीची जात धरली. कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, वस्तीतच राहते. भावजी मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांच्या नावावर एकही गुन्हा नाही. भावजींचा भाऊ भिंतीला भिंत लावून राहतो. त्याच्यावर तीन गुन्हे, दोनांत निर्दोष सुटला, एक चालू आहे. हे नीट लिहून ठेवतो, कारण पुढे याचा संबंध येतो. अक्काचा धाकटा मुलगा, माझा भाचा, तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि अकरावीत शिकत होता.

दिवाळीच्या सुट्टीत तो आणि त्याच्या वर्गातली दोन मुलं एका मोटरसायकलवर बसून अकलूजला घोड्यांचा बाजार बघायला निघाली. मोटरसायकल त्यांची नव्हती. एका मंगल कार्यालयाबाहेर किल्लीसकट उभी होती, ती त्यांनी घेतली. मोडनिंबजवळ पेट्रोल संपलं. भर दुपारी गाडी ढकलत चाललेली तीन मुलं बघून हायवेवरच्या पोलिसांनी थांबवलं आणि विचारलं, गाडी कुणाची. तिघांनी तीन नावं सांगितली.

गाडी चालवत होता एका मास्तरांचा मुलगा. त्याच्या मागे माझा भाचा. शेवटी एका कापड दुकानदाराचा मुलगा. भाच्याला गिअरची गाडी चालवता येत नाही. त्या दिवशी येत नव्हती आणि आज हे लिहितानाही येत नाही. पण पोलिसांच्या कागदावर तो म्होरक्या होता.

अशा मुलांसाठी न्यायालय नसतं, मंडळ असतं. त्यात एक न्यायाधीश आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात. तिथे खटला म्हणत नाहीत, चौकशी म्हणतात. आरोपी म्हणत नाहीत, विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. दुसऱ्या दिवशी तिघांना मंडळापुढे उभं केलं. मास्तर आपल्या मुलासाठी आले होते, दुकानदार आपल्या मुलासाठी आले होते. दोन्ही मुलं त्याच दिवशी घरी गेली. माझ्या भाच्यासाठी कुणी आलं नव्हतं, म्हणून त्याला निरीक्षणगृहात पाठवलं. लोक त्याला अजून रिमांड होमच म्हणतात.

कुणी आलं का नाही, हे मी अक्काला विचारलं.

"निरोप घेऊन कोण आला हुता, ठावं हाय का?" ती म्हणाली. "पोलीस. मग कोण थांबतंय? निरोप ऐकायला बी कुनी ऱ्हायलं न्हाय."

वस्तीबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. तारेच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ हजेरी असायची. हजेरीला नसलेल्या माणसाला शिक्षा, आणि गावात कुठे चोरी झाली तर हजेरीला असलेल्यालाही शिक्षा. तार गेली, पण चोरी झाली की पोलीस आधी आमच्याकडेच यायचे आणि दिसेल त्या पुरुषाला न्यायचे. त्यामुळे अनोळखी माणूस हातात कागद घेऊन गल्लीत शिरला की पुरुष मागच्या बाजूनं निघून जातात. धावत नाहीत. तंबाखू मळत, चपला घालून, कामाला निघाल्यासारखे जातात. बायका सांगतात, मालक गावाला गेलेत. यात लबाडी आहे असं कुणाला वाटत नाही. पाहुणा आला की पाणी द्यायचं, तसंच हे. पोलिओचे डोस पाजणारे आले तरी आमचे निम्मे लोक नाल्यापलीकडे असायचे. मी शिकत होतो तेव्हा यावर आम्ही हसायचो. जनगणनेत वस्तीत नुसत्या बायकाच निघतील, असं माझा एक मित्र म्हणायचा.

मी कायदा मिळवून वाचला. अल्पवयीन मुलाला जामीन द्यायचाच, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. अपवाद थोडे आहेत. त्यातला एक असा की, सोडल्यामुळे मूल ज्ञात गुन्हेगाराच्या संगतीत जाण्याची शक्यता असेल, तर सोडू नये. वाचल्यावर मला भावजींचा भाऊ आठवला. त्यांच्यामधली भिंत नऊ इंचांची आहे, तीही अर्धी कच्ची.

मंडळानं सामाजिक तपासणीचा अहवाल मागवला. परिविक्षा अधिकारी म्हणून एक तरुण बाई होत्या, लातूरकडच्या, शहरात नव्या. मुलाचं घर, आईबाप, शाळा, शेजार पाहून त्यांनी मंडळाला कळवायचं होतं. मी अक्काला दोनदा बजावलं होतं की बाई येणार आहेत, त्या पोलीस नाहीत, भावजींना घरी थांबायला सांग. भावजींनी त्या दिवशी यार्डात खाडा केला. धुतलेला सदरा घालून दारात बसले. अक्कानं शेजारच्या घरून खुर्ची आणून ठेवली.

बाईंना पत्ता सापडेना, म्हणून त्यांनी चौकीवरून एक माणूस बरोबर घेतला. साध्या कपड्यांत होता, पण बूट खात्याचे होते. गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या म्हातारीनं बूट पाहिले आणि खोकली. भावजी उठले, आणि कामाला निघाल्यासारखे मागच्या बाजूनं गेले.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा ते पुन्हा दारात बसले होते, त्याच सदऱ्यात.

"भावजी, तुम्हाला थांबायला सांगितलं होतं."

"थांबलो हुतो की," ते म्हणाले. "सकाळपासनं थांबलो हुतो."

"मग?"

"मग काय. पाय गेले. मी कुटं गेलो?"

अक्का चिडली होती, पण तीही काही वेगळं वागली नव्हती. बाईंनी विचारलं, मुलाचे वडील कुठे आहेत. ती म्हणाली, गावाला गेलेत. कधी येणार? सांगितलं न्हाय. मुलगा कुठल्या कॉलेजात? म्हाईत न्हाय. त्या कॉलेजच्या फाटकासमोर ती रोज पेरू, बोरं विकायला बसते. खुर्ची तशीच रिकामी राहिली. बाई उभ्या उभ्याच लिहून गेल्या.

अहवालात चुकीचं असं काही नव्हतं. वडील भेटीच्या वेळी हजर नव्हते. आईला मुलाच्या शिक्षणाची माहिती नाही. लगतच्या घरात गुन्हेगारी पार्श्वभूमीची व्यक्ती राहते. पुढचं वाक्य बाईंनी स्वतःच्या समजुतीनं लिहिलं होतं: समाजातील पारंपरिक प्रवृत्ती पाहता मुलास या वातावरणापासून दूर ठेवणे हिताचे राहील. त्या वाईट नव्हत्या. भाच्याला थंडी वाजते म्हणून त्यांनी निरीक्षणगृहात स्वतःच्या घरचं ब्लँकेट पाठवलं होतं.

निरीक्षणगृहातून पुढे मुलाला विशेषगृहात, म्हणजे दोषी ठरलेल्या मुलांना ठेवतात तिथे, पाठवता येतं. तीन वर्षांपर्यंत. आता प्रश्न तेवढाच होता. भाचा घरी येणार की तिकडे जाणार.

तारखांना मी रजा टाकून जात असे. मंडळाच्या खोलीबाहेर एक लांब व्हरांडा आहे, त्यात बाकं आहेत. तिथे बसून मी दुसरं काही करायला नसल्यामुळे बघत असे. कुठल्या मुलाला आत काय विचारतात ते दार उघडं असलं की ऐकू येई. काही मुलांना विचारत, वडील काय करतात, कितवीत आहेस. काही मुलांना विचारत, कुठल्या वस्तीतला, यापूर्वी कधी आला होतास. पहिल्या प्रकारची मुलं बहुतेक आईबापांबरोबर जिना उतरून जायची. दुसऱ्या प्रकारची बहुतेक गाडीतून परत जायची. मी तक्ते करणारा माणूस आहे. चार-पाच तारखांवरून टक्केवारी काढू नये हे मला कळतं. कुणाचा गुन्हा किती मोठा होता तेही मला माहीत नव्हतं. म्हणून मी आकडा सांगत नाही. आडनाव पुकारलं की मुलगा कुठल्या बाजूला जाईल हे मी मनात ठरवायचो आणि सहसा चुकायचो नाही. पुढे पुढे ते करायचंही सोडून दिलं.

मास्तर एकदा तिथे भेटले. त्यांच्या मुलाची उरलेली चौकशी होती.

"तुमच्या भाच्याबद्दल वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "हुशार पोरगा. निबंध चांगले लिहितो."

"गाडी तो चालवत नव्हता, सर."

"नसेलही." त्यांनी चष्मा पुसला. "वकिलांनी आम्हाला काही बोलू नका सांगितलंय. तुम्ही समजू शकता."

"समजतो."

"चहा घेणार?"

आम्ही चहा घेतला. त्यांचा मुलगा पलीकडे मोबाइल बघत होता. त्याला आणि दुकानदाराच्या मुलाला मंडळानं समज देऊन सोडलं. पालकांनी हमी दिली. तो त्यांचा निकाल होता आणि त्या गुन्ह्याला तो बरोबर निकाल होता, असं माझं मत आहे. तिघांनाही तोच द्यायला हवा होता.

कायद्यात आणखी एक वाट होती. आईबापांचं घर योग्य वाटलं नाही, तर मंडळ मुलाला एखाद्या योग्य व्यक्तीच्या ताब्यात देऊ शकतं. तसा शब्दच आहे, योग्य व्यक्ती. मी अर्ज केला. बायकोला आधी विचारलं.

ती भाजी निवडत होती. "चौकशीला घरी येतील ना?" एवढंच तिनं विचारलं.

"येतील. शेजारीही विचारतील."

"मग येऊ दे. आज ना उद्या कळायचंच होतं."

बाई एका रविवारी आल्या, या वेळी एकट्या. आमच्याकडे त्यांना पत्ता सापडला. बायकोनं उप्पीट केलं. त्यांनी मुलीचं अभ्यासाचं टेबल पाहिलं, भाचा झोपेल ती जागा पाहिली, माझं ओळखपत्र पाहिलं. मग समोरच्या घरी गेल्या. तिथे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात. माझ्याबद्दल त्यांनी चांगलंच सांगितलं. तसं त्यांनी स्वतःच मला संध्याकाळी येऊन सांगितलं.

"म्हटलं, उत्तम माणूस. सोसायटीच्या टाकीचं सगळं हेच बघतात," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कशाबद्दल?"

"तेच हो. बहिणीचा पत्ता त्यांनी विचारला ना, ओळखता का म्हणून. तेव्हा लक्षात आलं."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"छे छे, आम्ही मानत नाही काही. उलट कौतुकच वाटतं. त्यातून तुम्ही वर आलात." मुलीच्या खोलीकडे बघून ते म्हणाले, "पण तो मुलगा, म्हणजे, कायमचा राहणार?"

"मंडळ ठरवेल तितके दिवस."

"नाही, आमची नात येते ना सुट्टीत, म्हणून आपलं."

ते अजूनही माझ्याशी बोलतात. पाण्याचा दिवस कुठला ते विचारतात. त्या महिन्यात सोसायटीनं आमच्या जिन्यात कॅमेरा बसवला. तो आधीपासूनच ठरला होता, असं सेक्रेटरींनी सांगितलं. सभेचं इतिवृत्त मी पाहिलं नाही. तो असेल ठरलेला.

बाईंनी माझ्याबद्दल चांगला अहवाल दिला. फक्त एक अडचण त्यांनी फोनवर सांगितली. आई जर म्हणाली की मुलगा मलाच द्या, माझ्या घरी काही वाईट नाही, तर मंडळापुढे दोन दावे उभे राहतील. मग तारखा वाढतील, मुलगा आतच राहील. कदाचित मंडळ दोन्ही नाकारून त्याला विशेषगृहात पाठवेल. "ताईंना न्यायाधीश मॅडम विचारतील," बाई म्हणाल्या. "त्यांनी मान्य केलं तर सोपं जाईल."

"काय मान्य केलं तर?"

"की घरचं वातावरण मुलासाठी योग्य नाही."

निकालाच्या तारखेला मी अक्काला लवकर बोलावलं. भावजीही आले होते, पण ते फाटकाबाहेर रिक्षा स्टँडवर थांबले. व्हरांड्याच्या टोकाला, जिथे पाण्याचा नळ आहे, तिथे अक्काला बसवून मी सांगितलं की मॅडम असं असं विचारतील, आणि तू हो म्हणायचंस.

"हो म्हनू? माझं घर वंगाळ हाय म्हनू?"

"वाईट नाही म्हणायचं. योग्य नाही म्हणायचं."

"लई फरक हाय व्हय त्यात?"

"अक्का, तू नाही म्हणालीस तर तो आणखी आत राहील."

ती नळाकडे बघत बसली. नळाची तोटी गळत होती. मग म्हणाली, "म्हन बरं, काय म्हनायचं ते."

"मॅडम, मला मान्य आहे. मुलानं मामाकडे राहावं."

"म्याडम, मला मान्य हाय. मुलानं मामाकडं ऱ्हावं."

"विचारलं की घरी कोण कोण असतं, तर खरं सांग. नवरा कुठे आहे विचारलं तर गावाला गेलाय म्हणू नकोस. बाहेर थांबलाय म्हण."

"बोलवा म्हनल्या तर?"

आम्ही दोघांनी रिक्षा स्टँडकडे पाहिलं. तेवढ्यात तिला हसू आलं. "तवर नाल्यापल्याड गेलेलं असायचं," ती म्हणाली. "लगीन लागताना तेवडा उभा हुता, ते बी आपल्या बानं मनगट धरलं हुतं म्हनून."

मी पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "येतंय मला. शाळेत घातलं असतं तर तुझ्यापुढं गेले असते मी." ते खरं आहे. आमच्या दोघांत हिशेब तिलाच चटकन येतो.

आत भाच्याला आणून एका बाजूला बसवलं होतं. त्याचे केस बारीक कापले होते. तो जाड झाल्यासारखा वाटला, पण स्वेटर दुसऱ्याचा होता म्हणून तसं दिसत असेल. न्यायाधीश बाई मध्यमवयीन, शांत बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आधी मला विचारलं. नोकरी, घर, घरात कोण, मुलीची हरकत नाही ना. मी उत्तरं दिली. मग मी विचारलं की गाडी कोण चालवत होतं, हे तपासात आलं आहे का. त्या म्हणाल्या, "तो मुद्दा आता राहिलेला नाही. आपण मुलाच्या भल्याचं बघतोय." शेजारी बसलेल्या सदस्यांनी मान हलवली.

मग त्या अक्काकडे वळल्या.

"ताई, तुमच्या घरच्या वातावरणात मुलगा बिघडू शकतो, हे तुम्हाला मान्य आहे ना?"

मी पाठ करून घेतलेला प्रश्न असा नव्हता. अक्कानं माझ्याकडे पाहिलं नाही. मुलाकडेही पाहिलं नाही. समोरच्या टेबलाच्या कडेकडे बघत ती म्हणाली, "म्याडम, मला मान्य हाय."

"मुलानं कुठे राहावं असं वाटतं?"

"मामाकडं ऱ्हावं."

"चांगलं आहे. आई समजूतदार आहे," मॅडम म्हणाल्या, आणि लिहून घ्यायला सांगितलं.

भाचा ऐकत होता. त्याचा चेहरा तसाच होता. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला वाटत होतं की दुपारचा पातळीचा तक्ता अजून पाठवायचा राहिलाय.

आदेश असा झाला: एक वर्ष चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर मामाच्या ताब्यात. त्या काळात मुलानं पूर्वीच्या वस्तीत जायचं नाही. आईबापांनी भेटायचं तर मामाच्या घरी, मामाच्या समोर. दर तीन महिन्यांनी अहवाल. मी सही केली. जिना उतरताना मी भाच्याचा हात धरला, तर त्यानं तो सोडवून घेतला नाही आणि धरलाही नाही. फाटकाबाहेर भावजी होते. ते दोन पावलं पुढे आले, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला, "केस कापले व्हय" म्हणाले आणि अक्काला घेऊन रिक्षात बसले. मुलगा माझ्याबरोबर बसनं आला.

तो आमच्याकडे चांगला राहतो. खोटं कशाला सांगू. सकाळी कॉलेज, दुपारी अभ्यास. भेट धरली जाऊ नये म्हणून तो यायच्या-जायच्या वेळी अक्का फाटकापासून पाटी लांब नेते. पाण्याच्या दिवशी सोसायटीच्या टाकीवर माझ्याबरोबर येतो. माझ्या मुलीकडून इंग्रजी शिकतो. कॅमेऱ्याखालून जाताना मान वर करत नाही. मामीला भांडी घासू लागतो. ती नको म्हणते तरी घासतो. पहिले काही दिवस प्रत्येक गोष्ट घेताना विचारायचा. मामी, केळं घेऊ का? मामा, पंखा लावू का? आता विचारत नाही.

अक्का पहिल्या रविवारी आली. भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून आणली होती. दारातच चपला काढून थांबली.

"आत या की," बायको म्हणाली.

"कुणी काय म्हनणार न्हाय नव्हं?"

ती आली, सोफ्यावर टोकाला बसली. भाचा आतल्या खोलीत होता. मी हाक मारली.

"अभ्यास करतोय," तो आतून म्हणाला.

"करू दे," अक्का म्हणाली. "आब्यास करू दे त्याला."

ती तासभर बसली. माझ्या मुलीशी बोलली, बायकोशी बोलली, बोरांचा भाव पडल्याचं सांगितलं. निघताना खोलीच्या दाराशी जाऊन म्हणाली, "जाते रे."

"हं."

"मामानं सांगितलं तसं बोलले मी."

"माहितीय मला," तो म्हणाला. वहीतून वर पाहिलं नाही. "खरंच होतं ना पण."

यावर तिनं काय करायला हवं होतं, मला माहीत नाही. तिनं पदर सारखा केला आणि गेली. मी तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेलो. बस येईपर्यंत आम्ही पाण्याविषयी बोललो.

नंतर मी त्याला समजावलं. ते बोलणं सुटकेसाठी होतं, आईला तसं वाटत नाही, मीच शिकवलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मामा, बाबा त्या दिवशी पण आले नाहीत आणि अहवालवाल्या मॅडम घरी आल्या तेव्हा पण पळाले. तुम्ही आलात. मग चूक काय लिहिलं त्यांनी?" मी त्याला हजेरीची गोष्ट सांगितली, तार, बूट, सगळं. सांगताना माझ्या लक्षात आलं की त्याला ती माहीत आहे. वस्तीतल्या प्रत्येक मुलाला ती माहीत असते. तो ती ऐकून कंटाळला होता.

तीन-तीन महिन्यांचे अहवाल गेले. बाईंनी लिहिलं, प्रगती समाधानकारक. बारावीला त्यानं शास्त्र सोडून वाणिज्य घेतलं, ते त्याला जमतंय. मास्तरांचा मुलगा त्याच कॉलेजात आहे. दोघं बोलत नाहीत, असं त्यानं माझ्या मुलीला सांगितलंय. मास्तरांच्या मुलानं आता स्वतःची मोटरसायकल घेतली आहे.

वर्ष संपायला थोडे दिवस उरले, तेव्हा एका संध्याकाळी तो टाकीवरून उतरताना म्हणाला, "मामा, मुदत संपल्यावर मी इथंच राहिलो तर चालेल?"

मी म्हटलं, "चालेल. पण आईला सांगावं लागेल."

"तुम्हीच सांगा."

मी लगेच सांगितलं नाही, चार-पाच दिवस जाऊ दिले. मग सोमवारी कॉलेजच्या फाटकासमोर ती पेरूंची पाटी मांडत होती तिथे जाऊन सांगितलं. तिनं ऐकलं. एका मुलीला पेरू चिरून, मीठ-तिखट लावून दिला. मग विचारलं, "त्याला मंडळात जाऊन परत काय बोलावं लागंल का?"

"नाही. मुदत संपली की कुणी विचारत नाही. तो म्हणेल तिथे राहू शकतो."

"आता घरी आला तरी चालतंय?"

"चालतं."

तिनं सुरी फडक्याला पुसली. "त्याच्या बानं वर एक खोली काढायची ठरवलंय," ती म्हणाली. "भिंतीला भिंत नगं म्हनून वर. त्या भावाच्या बाजूचं दार बी बुजवायचं म्हनतोय. विटा आनून टाकल्यात." मग पुढचं गिऱ्हाईक आलं. त्याला देऊन ती म्हणाली, "त्याला एवढं इचार. खोली काढायची का नगं. नगं म्हनला तर विटा परत घेतो म्हनलाय तो वीटवाला, पन ह्या आठवड्यात सांगायला लागंल."

मी हो म्हणालो. घरी आल्यावर तो आणि माझी मुलगी टेबलावर समोरासमोर बसून अभ्यास करत होते. मी हातपाय धुतले, जेवलो, दुसऱ्या दिवसाचा तक्ता पाहिला. त्याला अजून विचारलेलं नाही. आज गुरुवार आहे.